केनेटच्या काठाकाठाने

लंडनच्या पश्चिमेला सुमारे चाळीस मैलांवर, थेम्स नदीच्या दक्षिण काठी, रेडिंग नावाचे गाव आहे. त्याच्या नावाची एक मौज आहे. इंग्रजी अक्षरांत ते लिहिले म्हणजे 'वाचन' या अर्थाच्या शब्दाशी त्याचे स्पेलिंग तंतोतंत जुळते, आणि वर्गातला चुणचुणीत मुलगासुद्धा नकाशावर बोट ठेवून बेधडक 'रीडिंग' असे वाचून मोकळा होतो. इंग्रज मात्र त्याला 'रेडिंग' म्हणतात. नावाचा वाचनाशी काडीचाही संबंध नाही. पूर्वी कुणा सॅक्सन म्होरक्याची माणसे तेथे येऊन वसली, त्यांच्यावरून हे नाव पडले असे मानतात. असे असले तरी हे गाव वाचण्याजोगे आहे, यात शंका नाही.

ऑक्सफर्ड, केंब्रिज, बाथ, शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड ही गावे प्रवासवर्णनांतून आपल्या घरोघर पोचलेली आहेत. रेडिंगला मुद्दाम असे कोणी उतरत नाही. तेथे आगगाडी थांबते, प्रवासी खिडकीतून विटांच्या इमारती पाहतो आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. तरीही दिवाळीच्या सुट्टीत वाचकांना घेऊन फिरायला जाण्यासाठी मी हेच गाव निवडले आहे. कारणे दोन. छायाचित्र नावाची जी वस्तू आज आपल्या घरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा काढता येते, तिचा धंदा म्हणून पहिला मोठा कारखाना या गावात निघाला. आणि दुसरे असे की, या गावाच्या एका बागेत एक सिंह उभा आहे. त्याच्या गोष्टीत आपलीही माणसे आहेत, पण ती दिसत नाहीत. ती का दिसत नाहीत, हे पाहण्यासाठी नदीच्या काठाने थोडे चालावे लागेल.

रेडिंगला नद्या दोन. थोरली थेम्स गावाच्या उत्तरेने निघून जाते. धाकटी केनेट पश्चिमेकडून येते, गावाच्या पोटातून वाट काढते आणि पूर्वेला थेम्सला मिळते. खरे गाव वसले, वाढले, भांडले आणि श्रीमंत झाले ते या धाकटीच्या काठी. आपण संगमापासून निघून केनेटच्या काठाने उलटे, प्रवाहाच्या विरुद्ध, गावात शिरणार आहोत. वाट दीड-दोन मैलांची, सपाट आहे; घरातली म्हातारी माणसेही सहज चालतील.

बरोबर छायाचित्रे घेऊ. या नद्यांना चित्रांची वाण कधी पडली नाही. ऑक्सफर्डचा हेन्री टाँट हा छायाचित्रकार वर्षानुवर्षे थेम्सच्या काठाने हिंडला, आणि १८७२ साली त्याने त्या नदीचा एक सचित्र नकाशाच प्रसिद्ध केला. त्या काळी काचेच्या ओल्या पट्टीवर चित्र घेत आणि ती वाळण्याच्या आत धुवून काढावी लागे. म्हणजे अंधारी खोलीच बरोबर घेऊन हिंडणे आले! त्यानंतर पोस्टकार्डांचा जमाना आला आणि प्रत्येक पूल, प्रत्येक कमान कुणाच्या ना कुणाच्या पत्रावर बसून जगभर गेली. ही चित्रे पाहताना एकच पथ्य पाळू. चित्रात काय आहे ते तर पाहूच; पण चौकटीच्या बाहेर काय राहिले, तेही दर वेळी विचारू.

* * *

संगमावरचे पहिले चित्र विटांच्या पुलाचे आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा नामांकित इंजिनिअर ब्रुनेल याने लंडनहून पश्चिमेकडे रूळ टाकले तेव्हा केनेटच्या तोंडाशी हा पूल बांधला. १८४० साली आगगाडी रेडिंगला पोचली. चित्रात पुलाखालून एक नाव चालली आहे आणि काठाने घोड्यांची वाट दिसते. पूर्वी नावांना शिडे नसत तेथे काठावरून घोडे दोर लावून त्या ओढीत, त्यांची ही वाट.

आज हे पाणी इतके संथ दिसते की यावरून कधी दंगल झाली असेल हे खरे वाटू नये. पण झाली होती. अठराव्या शतकाच्या आरंभी केनेट खोल करून, जेथे वळणे फार तेथे कालवे खोदून, न्यूबरी या गावापर्यंत सुमारे अठरा मैल जलमार्ग न्यावा असे ठरले. रेडिंगच्या व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा उठला. तोवर थेम्समधून आलेला माल रेडिंगलाच उतरे आणि पुढे गाड्यांतून पश्चिमेकडे जाई; हमाली, वखारी, दलाली सारे रेडिंगचे. नावा थेट न्यूबरीला जाऊ लागल्या तर रेडिंगला कोण विचारणार? १७२० साली तीनशेच्या आसपास लोकांचा जमाव चालून गेला आणि त्याने नव्या कामाची मोडतोड केली. आता यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. नवल हे की, जमावाच्या पुढे गावचा मेयर स्वतः होता!

मोडतोड झाली, पण काम थांबले नाही. जॉन होर या इंजिनिअरने ते पुरे केले आणि १७२३ साली नावा न्यूबरीपर्यंत जाऊ लागल्या. १८१० साली हाच मार्ग कालव्याने बाथ आणि ब्रिस्टलशी जोडला गेला. म्हणजे लंडनची नाव देशाच्या पोटातून पार पश्चिम किनाऱ्याला! रेडिंग बुडाले नाहीच, उलट फोफावले. पण पुढे तीस वर्षांत आगगाडी आली, १८५२ साली रेल्वे कंपनीने कालवाच विकत घेतला, आणि त्याच्या नशिबी गाळ आणि शेवाळ आले. तो पुन्हा वाहता झाला तो हौशी माणसांच्या चिकाटीमुळे. अनेक वर्षे स्वयंसेवकांनी गाळ उपसला, दारे बसवली, वर्गण्या गोळा केल्या. आणि १९९० साली राणी एलिझाबेथच्या हस्ते संपूर्ण कालवा पुन्हा खुला झाला. ज्या पाण्यासाठी एका पिढीने कुदळी फावडी घेऊन धुमाकूळ घातला, त्याच पाण्यासाठी दुसऱ्या पिढीने कुदळी फावडी घेऊन घाम गाळला.

* * *

थोडे पुढे ब्लेक्स लॉक लागते. लॉक म्हणजे नदीतला दोन दारांचा हौद. नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी भरू द्यायचे; नाव आपोआप वर चढते, मग पुढचे दार उघडायचे. लहान मुलांना तासन्‌तास उभे करून ठेवणारा खेळ आहे हा.

येथून पुढचे जुने चित्र पाहिले तर काठावर जिकडे तिकडे धुराडी दिसतात. हा हंटले अँड पामर्स यांचा बिस्किटांचा कारखाना. आपल्या आजीच्या फडताळात सुया, बटणे आणि जुनी पत्रे ठेवायला जे विलायती पत्र्याचे डबे असत, त्यांतला एखादा येथून आलेला असणे अगदी शक्य आहे. १८२२ साली जोसेफ हंटले या क्वेकर गृहस्थाने रेडिंगच्या लंडन स्ट्रीटवर बिस्किटांचे छोटे दुकान काढले. समोरच टपालगाड्या थांबण्याची खानावळ होती. घोडे बदलेपर्यंत भुकेले उतारू गाडीत बसून असत. त्यांच्यापर्यंत बिस्किटे नेऊन विकावी, ही त्याची युक्ती. पण वाटेत बिस्किटांचा चुरा होई. हंटलेचा धाकटा मुलगा लोखंडी सामानाचा दुकानदार होता, त्याने पत्र्याचे डबे करून दिले. बिस्किटाइतकाच तो डबाही पुढे जगभर गाजला. १८४१ साली जॉर्ज पामर भागीदार झाला; हाताची कामे यंत्रावर आली आणि १८४६ साली कारखाना केनेटच्या काठी आला. विसावे शतक उजाडले तेव्हा पाच हजारांवर माणसे तेथे राबत होती आणि जगात एवढा मोठा बिस्किटांचा कारखाना दुसरा नव्हता. लोक रेडिंगला 'बिस्किटांचे गाव' म्हणत. गावच्या फुटबॉल संघालाही 'बिस्किटवाले' हेच नाव पडले होते.

१९७६ साली तेथील भट्ट्या थंड झाल्या. इमारती बहुतेक पाडल्या गेल्या, काठावर राहण्याची घरे उठली. बिस्किटांचा तो वास मात्र कोणत्याही चित्रात उतरलेला नाही, आणि वास उतरवणारा कॅमेरा अजून निघायचा आहे.

कारखान्याला लागूनच, जवळजवळ हाकेच्या अंतरावर, तुरुंग आहे. लाल विटांची, किल्ल्यासारखी इमारत. १८४० नंतरच्या दशकात गिल्बर्ट स्कॉट या वास्तुतज्ज्ञाने ती उभारली. येथे १८९५ च्या नोव्हेंबरपासून १८९७ च्या मेपर्यंत ऑस्कर वाइल्ड हा लेखक सक्तमजुरीची शिक्षा भोगत होता. विलक्षण योग असा की, १८९२ साली तो शेजारच्याच बिस्किटांच्या कारखान्याला पाहुणा म्हणून भेट देऊन गेला होता. लंडनच्या रंगभूमीवर त्याची नाटके गर्दी खेचीत होती तेव्हाचा तो काळ. तीन वर्षांनी तो परत आला तो हातकड्या घालून. तुरुंगात त्याला नाव नव्हते; सी विभाग, तिसरा मजला, तिसरी कोठडी म्हणून तो 'सी. ३. ३.' झाला. सुटल्यावर त्याने या तुरुंगावर जे दीर्घ काव्य लिहिले, ते १८९८ साली प्रसिद्ध झाले तेव्हा कवीच्या नावाच्या जागी हाच आकडा छापला होता.

पण मला त्या काव्यापेक्षाही त्याने वर्तमानपत्राला लिहिलेल्या एका पत्राची आठवण अधिक होते. त्याच्या शिक्षेच्या अखेरीस तीन लहान मुले तुरुंगात आणली गेली. सशांना फासे लावल्याबद्दल त्यांना दंड झाला होता आणि तो भरण्याची ऐपत नव्हती. त्यांतले सर्वांत लहान पोर भुकेने रडत होते, तुरुंगाची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. मार्टिन नावाच्या वॉर्डरला राहवेना. तो बाहेर गेला आणि त्याने त्या मुलासाठी चार गोड बिस्किटे विकत आणली. मुलाला इतका आनंद झाला की, या भल्या माणसाची गोष्ट त्याने दुसऱ्या एका वरिष्ठ वॉर्डरलाच सांगितली! झाले. मार्टिनची नोकरी गेली. वाइल्डने मुलांचा दंड स्वतः भरण्याची व्यवस्था केली, आणि सुटल्यावर काही दिवसांतच, २८ मे १८९७ रोजी, लंडनच्या 'डेली क्रॉनिकल'मध्ये हे सारे प्रकरण नाव घेऊन छापून आणले.

जगातला सर्वांत मोठा बिस्किटांचा कारखाना भिंतीपलीकडे धुराडी सोडीत होता आणि अलीकडे बिस्किट दिल्याबद्दल माणसाची नोकरी जात होती. त्या काळच्या रेडिंगच्या छायाचित्रांत कारखाना आहे, तुरुंगही आहे. मार्टिनचे बिस्किट कोणत्याही चित्रात नाही. ते टिकले ते एका माणसाने लिहून ठेवले म्हणून. तुरुंग आता बंद झाला आहे. २०१४ च्या आरंभी तो पूर्ण रिकामा झालेला होता. २०२१ साली बँक्सी या गुप्त चित्रकाराने त्याच्या भिंतीवर एका रात्रीत एक कैदी काढला. चादरी बांधून केलेल्या दोरावरून तो खाली उतरतो आहे आणि दोराच्या टोकाला टाइपरायटर लटकतो आहे!

* * *

तुरुंगाच्या भिंतीला लागूनच दगडगोट्यांचे उंच, ओबडधोबड सुळके उभे आहेत. पाहणाऱ्याला आधी कळतच नाही की हे काय आहे. हा रेडिंगचा मठ. एके काळी इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक. त्याचे चर्च सुमारे साडेचारशे फूट लांब होते. आज दिसतात ते सुळके म्हणजे भिंतींचे फक्त आतले भरताड. वरचा घडीव दगड लोकांनी कधीच काढून नेला.

मठाचा उगम एका बापाच्या दुःखात आहे. एका राजाचा वारस एका रात्रीत बुडाला. २५ नोव्हेंबर ११२० रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून निघालेले 'व्हाइट शिप' नावाचे जहाज खडकावर आपटून फुटले आणि पहिल्या हेन्री राजाचा एकुलता औरस मुलगा विल्यम त्यात बुडाला. पुढच्याच वर्षी, ११२१ मध्ये, राजाने दोन नद्यांच्या मधल्या या उंचवट्यावर मठ स्थापन केला. आपल्या आणि आपल्या माणसांच्या आत्म्यांसाठी येथे अखंड प्रार्थना व्हावी, ही त्याची इच्छा. ११३५ साली राजा नॉर्मंडीत वारला. त्याचे प्रेत बैलाच्या कातड्यात शिवून समुद्रापार आणले आणि ११३६ च्या जानेवारीत याच मठात पुरले.

अखंड प्रार्थना चारशे अठरा वर्षे चालली. मग आठव्या हेन्रीने देशातले सारे मठ मोडून त्यांची संपत्ती जप्त केली. रेडिंगचा अखेरचा मठाधिपती ह्यू फॅरिंग्डन याच्यावर राजद्रोहाचा आळ घेऊन १५३९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला हालहाल करून मारले. छपराचे शिसे गेले, दगड गेला. राजाची कबरही आज दिसत नाही. एका हेन्रीने बांधले, दुसऱ्या हेन्रीने मोडले.

मठाचे काय उरले? एक गाणे उरले. तेराव्या शतकातले, सहा आवाजांत गायचे, उन्हाळ्याचे स्वागत करणारे एक इंग्रजी गीत या मठाच्या हस्तलिखितात सापडले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि संगीताचे अभ्यासक त्याला फार मान देतात. एक वेस उरली. तिच्याशी जोडलेल्या मुलींच्या शाळेत १७८५-८६ च्या सुमारास जेन ऑस्टिन नावाची एक दहा वर्षांची मुलगी शिकत होती. पुढे ती इंग्रजीतली थोर कादंबरीकार झाली. आणि एक ओहोळ उरला. मठाच्या पाणचक्क्यांसाठी आणि मासळीच्या तळ्यांसाठी वळवलेला 'होली ब्रुक' आजही गावाच्या रस्त्यांखालून गुपचूप वाहतो, आणि १९८५ साली बांधलेल्या वाचनालयाच्या इमारतीखालून बाहेर पडून केनेटकडे जातो.

* * *

आता नदी क्षणभर सोडून फोर्बरी बागेत जाऊ. पूर्वी हे मठाचेच बाहेरचे आवार होते. येथे तो सिंह आहे.

ओतीव लोखंडाचा, ३१ फूट लांब, १६ टन वजनाचा हा सिंह उंच चौथऱ्यावर जबडा पसरून उभा आहे. रेडिंगच्या कित्येक पिढ्यांनी आपापल्या मुलांना त्याच्यापुढे उभे करून फोटो काढले आहेत. गावच्याच मद्याच्या कारखानदार घराण्यातल्या जॉर्ज ब्लॅकॉल सिमंड्स या शिल्पकाराने तो केला आणि १८८६ साली त्याचे अनावरण झाले. गावात एक दंतकथा आहे की, सिंहाचे पाय चालताना खरोखर असे पडत नाहीत हे ध्यानात आल्यावर शिल्पकाराने जीव दिला. ती निव्वळ थाप. सिमंड्स चांगला १९२९ पर्यंत जगला.

सिंह आहे मैवंदच्या लढाईच्या स्मरणार्थ. दुसऱ्या अफगाण युद्धात, २७ जुलै १८८० रोजी, कंदाहारच्या पश्चिमेला मैवंद गावाजवळ जनरल बरोजची सुमारे अडीच हजारांची फौज अयूबखानाच्या दसपट म्हणाव्या अशा सैन्यापुढे उभी ठाकली. जुलैचे ऊन, पाण्याचा दुष्काळ आणि समोर तोफा. दुपारपर्यंत फळी फुटली. ६६ व्या बर्कशर पलटणीचे गोरे शिपाई मागे हटत हटत एका बागेपाशी आले, आणि अखेरीस त्यांतले अकराजण शेवटपर्यंत लढून पडले असे सांगतात. सिंहाच्या चौथऱ्यावर त्या मोहिमेत मेलेल्या या पलटणीच्या ३२९ अधिकाऱ्यांची आणि शिपायांची नावे कोरलेली आहेत. साध्या शिपायांचीही नावे आहेत, हे विशेष. रेडिंग त्यांचे गाव, बर्कशर त्यांचा परगणा.

मैवंदच्या आठवणी आणखीही आहेत. शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन आपल्या वाचकांच्या चांगल्या ओळखीचा. तो याच लढाईत जखमी होऊन लंडनला परतला, असे त्याच्या लेखकाने १८८७ साली लिहिले. पलटणीचा बॉबी नावाचा कुत्रा मैवंदहून जखमी होऊन जिवंत परत आला. १८८१ साली राणी व्हिक्टोरियाने स्वहस्ते त्याच्या गळ्यात पदक घातले. पुढच्या वर्षी तो घोडागाडीखाली सापडून मेला तेव्हा त्याला पेंढा भरून ठेवले, आणि तो सॉल्झबरीच्या लष्करी संग्रहालयात ठेवला गेला. अफगाणांनी आपली आठवण वेगळ्या नावाने जपली. मैवंदच्या रणात आपल्या लोकांना धीर देणारी मलालाई नावाची मुलगी त्यांच्या घराघरांत पोचली, आणि नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या मलाला युसुफझाईचे नाव तिच्यावरूनच ठेवलेले आहे.

आता चौकटीबाहेर पाहू. बरोजच्या त्या फौजेत गोरी पायदळ पलटण एकच होती. बाकीचे पायदळ होते मुंबई सैन्याचे: पहिली ग्रेनेडिअर पलटण आणि तिसावी, जेकब्स रायफल्स. घोडदळही आपल्याकडचेच. आज ज्यांचे ठाणे पुण्याजवळ खडकीला आहे, त्या मुंबई सॅपर्सची एक लहान तुकडी होती. त्या दिवशी मेलेल्यांचा आकडा ९६९ होता. २१ अधिकारी आणि ९४८ शिपाई. ६६ व्या पलटणीतली शंभरातली ६२ माणसे गेली. ग्रेनेडिअरांतली शंभरातली ६४.

६२ आणि ६४. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावे. त्या काळच्या मुंबई सैन्यात कोकणातली आणि देशावरची पुष्कळ माणसे असत. तशीच उत्तरेकडचीही असत. तेच ऊन, तीच तहान, त्याच तोफा. एका पलटणीला सिंह मिळाला, कादंबरीत डॉक्टर मिळाला, तिच्या कुत्र्याला राणीच्या हातचे पदक मिळाले. दुसऱ्या पलटणीचा शिपाई आपल्या घरी परतला नाही, एवढीच त्याची कथा.

याबद्दल रेडिंगला दोष देण्याचे कारण नाही. गावाने आपल्या पोरांची नावे कोरली, ते योग्यच केले. रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या शिपायाचे नाव बर्कशरने का कोरावे? ते आपण कोरायचे होते.

* * *

पुन्हा नदीवर येऊ. पुढची वाट झपाट्याने उरकता येईल. १७८८ सालचा दगडी हाय ब्रिज लागतो. त्याच्यापुढे दोन्ही काठांवर 'ओरॅकल' नावाचा, १९९९ साली उघडलेला दुकानांचा झगमगाट आहे. नाव जुने. जॉन केंड्रिक या कापडव्यापाऱ्याने १६२४ साली मरताना ठेवलेल्या पैशांतून गरीब विणकरांना काम देण्यासाठी येथे एक वास्तू बांधली गेली, तिचे हे नाव. जेथे गरिबांनी सूत कातावे तेथे आता श्रीमंतांनी कपडे विकत घ्यावे! येथून काउंटी लॉकपर्यंत नदी इतकी अरुंद आणि वाकडी आहे की समोरासमोर दोन नावा आल्या तर पंचाईत. म्हणून तेथे नावांसाठी चक्क लाल-हिरवे दिवे बसवले आहेत, आणि नावाडी ते स्वतः बटण दाबून लावतो.

काउंटी लॉकवर नदीची आणि आपली सोबत सुटते. पाचसात मिनिटे चढणीने गेले म्हणजे बेकर स्ट्रीट लागते. येथे १८४४ ते १८४७ च्या दरम्यान छायाचित्रांचा तो कारखाना होता.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा जमीनदार शास्त्रज्ञ रेडिंगपासून पश्चिमेला लेकॉक येथे राही. रुपेरी क्षारांचा हात दिलेल्या कागदावर उन्हाने चित्र उमटवायचे, ते आधी उलटे म्हणजे काळ्याचे पांढरे असे घ्यायचे आणि त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढायच्या, ही युक्ती त्याची. पुढे दीडशे वर्षे जगभरच्या फोटोग्राफरांनी याच निगेटिव्हच्या तत्त्वावर पोट भरले. रेडिंग त्याला सोयीचे, कारण ते लंडन आणि लेकॉक यांच्या साधारण मध्यावर आणि नव्या आगगाडीवर. त्याचा डच नोकर निकोलास हेनेमन याने येथे काम मांडले. 'द पेन्सिल ऑफ नेचर' या टॅल्बटच्या पुस्तकासाठी येथे प्रती निघाल्या. विक्रीसाठी काढलेले, छायाचित्रांनी सजवलेले ते पहिले पुस्तक. १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत ते निघाले, चित्रे एकूण २४; आणि प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवलेली.

या कारखान्याचेच एक जुने चित्र आहे, दोन कागद जोडून केलेले. उघडे अंगण. एकजण कॅमेऱ्यापुढे बसलेल्या गृहस्थाचे चित्र घेतो आहे, एकजण पुतळ्याचे घेतो आहे. मागे काचेचे घर आणि उन्हात ओळीने मांडलेल्या चौकटी, वाळवणाला घातलेल्या पापडांसारख्या. कागद उन्हात ठेवायचा आणि चित्र उमटेपर्यंत वाट पाहायची. इंग्लंडचे ढगाळ आभाळ पाहता त्या माणसांच्या धीराची कमाल वाटते.

पण त्या धंद्याचा घात झाला. १८४६ च्या जून महिन्यात 'आर्ट युनियन' या मासिकाच्या अंकाबरोबर वाचकांना एकेक खरे छायाचित्र द्यायचे ठरले. त्यासाठी रेडिंगला सुमारे सात हजार प्रती घाईघाईने काढल्या. थोड्याच काळात त्या फिकट पडू लागल्या. पिवळट, मग धुरकट, मग नुसता डाग. प्रती पुरेशा पाण्यात धुतल्या गेल्या नाहीत, त्यांत औषध राहून गेले, हे त्याचे एक मोठे कारण सांगतात. उन्हाने काढलेले चित्र आपोआप टिकत नाही. ते धुवावे लागते, पक्के करावे लागते, जपावे लागते. या कामाला कोणी माणूस लागतो.

माणसांच्या आठवणींचेही असेच आहे. राजाच्या अखंड प्रार्थना थांबल्या, कारण गाणाऱ्यांना हाकलून दिले. मार्टिनचे बिस्किट टिकले, कारण एका कैद्याने ते लिहिले. ६६ व्या पलटणीचा शिपाई टिकला, कारण त्याच्या गावाने लोखंड ओतले. ग्रेनेडिअरांचा शिपाई फिकट पडला.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत, चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत, एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली असते. या गावातून इतके इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडा असतो, नावे बहुधा नसतात. आपण पोरे असताना त्या पाटीखाली बसून गोट्या खेळलो आणि वर कधी पाहिले नाही.

या दिवाळीत पुष्कळ कुटुंबे गावी जातील. मुलांच्या खिशात टॅल्बटला स्वप्नातही दिसला नसता असा कॅमेरा असेल. त्यांना त्या पाटीपाशी न्यावे आणि एक चित्र काढायला सांगावे. मग घरातल्या, शेजारच्या, भावकीतल्या जाणत्या माणसाला विचारावे, यांतला आपल्याकडचा कोण? कुणाच्या पणजीला पेन्शनीचे चार रुपये येत, कुणाच्या ट्रंकेत एखादे पदक अजून असेल. जे नाव कळेल ते चित्राच्या मागे लिहून ठेवावे, शाईने, स्वच्छ अक्षरात. आकडा सातचा असेल आणि नावे दोनच मिळाली, तर दोन लिहावी आणि बाकीच्या पाच ओळी कोऱ्या सोडाव्या. कोऱ्या ओळी दिसल्या म्हणजे पुढच्या वर्षी कोणीतरी विचारतेच.